पुडी माझी होती

चौलहून बहिणीचा सांगावा आला तेव्हाच काळजात चर्र झालं. पोहोचेपर्यंत भावोजी गेले होते... महिना होऊन गेला, तरी तिच्या घरात पाऊल टाकलं की त्यांची फिरकी घ्यायला माझी जीभ वळवळतेच. जगाला पथ्य सांगणारा हा वैद्य स्वतः लोणचं दोनदा वाढून घ्यायचा. मी टोकलं की म्हणायचे, मेहुण्यानं ताटात बघू नये. अशा माणसावर रागवायचं तरी कसं?

दहा-बारा वर्षांपूर्वी मात्र त्यांनी आमची झोप उडवली. रेवदंड्याच्या कोळीवाड्यातला पांडू कंबरदुखीनं हैराण झाला होता. भावोजींनी त्याला झोपेसाठी खुरासनी ओव्याच्या पुड्या दिल्या. एका सकाळी तो उठलाच नाही. उशाशी ठेक्याच्या दुकानातली अफू सापडली, आणि ती आणली होती त्याच्या बायकोनं, जानकीनं. दोघांचं पटत नसे, तेव्हा लोकांनी तिलाच खुनी ठरवलं. आणखी काही औषध दिलंस का, असं फौजदारानं विचारलं, तर ती नाही म्हणाली. ते काही खोटं नव्हे. झाडपाल्याला औषध म्हणून धरतो कोण आपल्याकडे? गुण आला तर आला, अपाय तर नाही ना!

भावोजींना राहवेना. तिच्या दारात बसून त्यांनी त्या रात्रीचं सगळं खोदून विचारलं. अफू पांडू कंबरेसाठी रोज घेई तेवढीच होती. दुखणं थांबेना म्हणून पांडूनं वर उरलेल्या सगळ्या पुड्या घेतल्या होत्या. जानकी म्हणाली, "तुमचा पालाच व्हता, वैद्यबुवा. त्यानं कोन मरतो व्हय?" अफूवर खुरासनी ओवा जास्त झाला तर झोपेतच श्वास थांबतो, हे भावोजी जाणून होते; ते तसेच उठले.

फौजदाराकडे निघाले तेव्हा बहीण आडवी आली. धंदा बसेल, बेड्या पडतील, असं मीही बजावलं. "ती बाई फासावर जाईल," ते म्हणाले. "पुडी माझी होती. अफू घेतोस का, एवढं मी विचारलं नाही."

जानकी सुटली. भावोजींना समज देऊन सोडलं, पण पुढे कितीतरी दिवस त्यांच्या ओटीवर रोगी फिरकला नाही.

बहीण सांगते, शेवटच्या दुखण्यात कळा सोसवेनात, तेव्हा डॉक्टरनं अफूच्या अर्काचे थेंब सांगितले. भावोजी ते ना मुलाच्या हातून घेत, ना माझ्या बहिणीच्या. जानकीला बोलवा म्हणाले. आळीत कुजबुज झाली, होऊ दे. ती आली आणि दारातच थबकली.

"नवऱ्याला इख दिला म्हनत व्हती लोकं मला. आनि तुमी माज्या हातचा औषध घेता?"

"तू आधी विचारशील, आणखी काय घेतलंय म्हणून," भावोजी म्हणाले.

ती रोज विचारायची. अगदी शेवटच्या संध्याकाळीसुद्धा.

परवा बहिणीकडे खोकल्यानं बेजार होऊन मी अडुळशाचा काढा घ्यायला बसलो होतो. जानकी पायरीवर टेकली होती. पेला तोंडाला लावणार तोच ती म्हणाली, "दादा, आनखी काय घेतलंय?"

मी पेला खाली ठेवला, आणि बहिणीसमोर पहिल्यांदाच रडलो.