अर्धं मैदान ओलं

भारताच्या संघाची निवड चाचणी सुरू व्हायच्या आधी मी मैदानाचं पाणी बंद केलं होतं. चुकून नाही. चांगलं दोन्ही हातांनी नळाचं चाक फिरवून, दात-ओठ खाऊन, आणि वर आपण केवढं पुण्य केलं अशा तोऱ्यात. हेच दुसऱ्या कोणी केलेलं ऐकलं असतं तर मी म्हणाले असते, या पोरीच्या हातात हॉकी स्टिक कसली देता, म्हशी वळायची काठी द्या.

माझ्या नातीनं कपाटातला निळा ब्लेझर पाहिलाय. आजी भारताकडून खेळली एवढंच तिला ठाऊक आहे. त्या ब्लेझरची बटणं आता लागत नाहीत, आणि खेळले त्याहून जास्त वेळ मी बाकावर बसले, हे मी तिला सांगत नाही. ब्लेझरच्या आधीची ही गोष्ट तर मुळीच नाही. सांगितली तर उद्या ‘अभ्यासाला बस’ म्हणायची सोय राहणार नाही.

नव्वदीची सुरुवात होती. आमचं गाव वसईच्या पश्चिमेला, केळी आणि पानवेलींच्या वाड्यांमधलं. शाळेतल्या सिस्टरनी आम्हा मुलींना हॉकी शिकवली ती चर्चच्या बाजूच्या मुरमाच्या मैदानावर. तिथं चेंडू सरळ जात नसे. खड्ड्यात शिरायचा, दगडावर उडायचा, मध्येच रुसल्यासारखा थांबायचा. मी राइट विंगला, म्हणजे उजव्या कडेला, खेळायचे आणि प्रत्येक खड्डा मला पाठ होता. बाहेरगावच्या मुली यायच्या, अडखळायच्या, हरून जायच्या. मला वाटायचं, काय माझं कसब! मुरमाला त्याचं श्रेय द्यावं असं कधी मनात आलं नाही.

राज्याच्या संघातून पुढे भारताच्या शिबिराचं बोलावणं आलं तेव्हा चर्चमधल्या रविवारच्या मिस्सात गावच्या कन्येसाठी प्रार्थना झाली. मिस्सा संपल्यावर मी मुद्दाम मागे रेंगाळले, लोकांनी बाहेर थांबून माझी वाट बघावी म्हणून. बाहेर आले तर अंगणात एक कुत्रा होता. लोक जेवायला गेले होते.

आता पाण्याचं सांगते, नाहीतर तुम्ही मला नुसतीच वेडी समजाल. त्या वर्षांत आमच्या विहिरींचं पाणी टँकर भरभरून नालासोपारा, आचोळ्याकडच्या नव्या इमारतींना जायचं. तिथल्या लोकांनाही पाणी हवंच होतं, त्यांचा काय दोष? पण इकडे विहिरी खाली चालल्या होत्या आणि पाण्याला खारट चव येऊ लागली होती. गावकरी टँकर अडवायला रस्त्यावर बसायचे, त्यात माझे पप्पा पहिल्या रांगेत. घरात पंप मिनिटभर जास्त चालला तरी त्यांचा आवाज चढायचा. देवाच्या दहा आज्ञा आम्ही जमेल तशा पाळायचो. अकरावी पप्पांची होती, तिला मात्र माफी नव्हती: पाणी वाया जाताना दिसलं की हातातलं टाकून आधी ते बंद करायचं, नळ कोणाचाही असो.

तर अशी मी, उत्तरेकडच्या एका मोठ्या शहरात, चाचणीच्या सकाळी सगळ्यांच्या आधी मैदानावर पोचले. टर्फ मी आयुष्यात पहिल्यांदा बघत होते. हिरवागार गालिचा, एक खड्डा नाही, एक दगड नाही. आणि त्या गालिच्यावर कडेच्या तोफांमधून पाणी उडत होतं. थोडंथोडकं नाही, आमची केळीची बाग दोनदा भिजली असती इतकं. आसपास कोणी नाही. डावीकडचा भाग भिजून चकाकत होता आणि उजवीकडची तोफ नुकतीच फुरफुरायला लागली होती. मी म्हटलं, अगं बाई, नळ उघडा टाकून माणूस चहाला गेला! गवत खोटं, त्याला पाणी कशाला? धावत गेले, चाक फिरवलं, तोफा गप्प झाल्या. मला पप्पांची आठवण येऊन डोळ्यांत पाणीसुद्धा आलं. तेवढं तरी वाया गेलंच.

टर्फ ओलं केल्याशिवाय त्यावर खेळत नाहीत, ओल्यावर चेंडू सरसर जातो आणि पडलं तर गुडघे सोलत नाहीत, हे शिबिरातल्या सगळ्या मुलींना माहीत होतं. मला नव्हतं. आणि विचारायचं कोणाला? आपण गावच्या कन्या!

पाणीवाला परतला, तोफा गप्प बघून काम झालं असं समजला, आणि चाचणीचा सामना सुरू झाला. अर्धं मैदान ओलं, अर्धं कोरडं. ओल्या बाजूनं चेंडू बाणासारखा यायचा आणि कोरड्या बाजूला पोचताच पाय ओढत चालायचा. एकापेक्षा एक खेळाडू त्याच्या पुढे निघून जायच्या आणि वळून बघायच्या, चेंडू मागेच. कोणी धपकन पडली, कोणाचा गुडघा सोलला. माझी राइट विंग नेमकी कोरड्या बाजूला. रुसणारा चेंडू मला लहानपणापासून ओळखीचा. मी थांबायचे, तो आला की उचलून पळायचे. मध्यंतरापर्यंत मी दोन गोल केले होते आणि मनातल्या मनात विमानात खिडकीची जागाही पकडली होती.

आमच्या कोच मॅडम पुण्याच्या खडकीत वाढलेल्या. बोलायच्या कमी, बघायच्या जास्त. मध्यंतरात संत्र्याच्या फोडी खाताना त्या म्हणाल्या, “आज टर्फला झालंय काय? पाणी नीट मारलं नाही का कोणी?”

झालं. शाबासकीची हीच वेळ.

“मॅडम, मारत होते. मीच बंद केलं.”

“काय बंद केलं?”

“पाणी. किती वाया चाललं होतं! कोणाचं लक्षच नव्हतं.”

संत्री चावायचे आवाज थांबले. गुडघा सोललेली पंजाबी सेंटर हाफ माझ्याकडे बघत हळूच म्हणाली, “ये पागल है या दूसरी टीम की है?” कोणीतरी फिस्सकन हसलं. मला अजून कळत नव्हतं. मी आणखी एक फोड तोंडात टाकली आणि म्हटलं, “आमच्याकडे वसईला असं चालत नाही हं!”

मॅडमनी हातातली फोड खाली ठेवली. मग त्या उठल्या. “चला. मैदान आहे तसंच राहू दे. बाजू बदला.”

बाजू बदला म्हणजे काय हे मला चेंडू सुटेपर्यंत समजलं नाही. दुसऱ्या सत्रात आमचं तोंड उलट दिशेला, म्हणून राइट विंग पलीकडे, ओल्या अंगाला. पहिलाच पास आला आणि मी सवयीनं त्याची वाट बघत थांबले. तो वाट न बघता बाहेर गेला. दुसऱ्याला मी वाकले, तो स्टिकखालून गेला. तिसऱ्यामागे जीव घेऊन धावले, पाय घसरला, आणि मी चेंडूच्या आधी सीमारेषेबाहेर पोचले. त्या दिवशी माझ्यापेक्षा वेगानं तिकडे दुसरं कोणी गेलं नसेल. चेंडू एकदा तरी अडव म्हणून मी स्टिकलाच विनवत होते. संध्याकाळी निवडलेल्या मुलींची नावं वाचली. माझं नव्हतं. सबंध चाचणीत ओल्यावर एक पासही अडवता न आलेल्या मुलीला कोण घेणार?

घरी आले. गावच्या कन्येची निवड झाली नाही हे माझ्या आधी गावाला कळलं होतं. पप्पा वाडीत केळीची पिलं काढत होते. मी सगळं सांगितलं, आणि शेवटी जरा तिखटमीठ लावून, “तुमच्याच शिकवणीमुळे झालं हे.” निदान ते तरी पाठ थोपटतील असं वाटलं होतं. त्यांनी कोयता खाली ठेवला.

“बाय, तुला खेळायला पाठवली का पानी राखायला?”

एवढंच. पुन्हा कोयता उचलला.

वसईत टर्फ कुठलं? पण ओहोटी होती. पाणी मागे गेलं की कळंबच्या किनाऱ्यावर ओली वाळू घट्ट, सपाट पडते आणि तिच्यावर चेंडू निसटून पळतो. वर्षभर ओहोटी बघून मी सायकलनं तिकडे जायचे. खाली वाकायचं, स्टिक जमिनीला टेकवून ठेवायची, चेंडू यायच्या आधी आपण हलायचं. पहिले काही महिने बहुतेक चेंडू समुद्रानं अडवले. मासे सुकवणारी एक मावशी रोज बघायची. एक दिवस तिला राहवलं नाही. “अगो, काठीनं कोलंबी मिलत नाय! जालं लागतं!” तिच्या पोरीबाळी खदखदा हसल्या. मीही हसले, कारण तोंडात वाळू होती आणि रडायला जागा नव्हती.

पुढच्या वर्षी पुन्हा बोलावणं आलं. या वेळी मिस्सातली प्रार्थना नको म्हणून मीच सांगून आले. चाचणीच्या सकाळी तोफा सुरू झाल्या तेव्हा मी मैदानाकडे पाठ करून, जीव तुटत असूनही, चपला नीट लावत बसले. मागच्या वर्षीच्या त्या पंजाबी सेंटर हाफनं येऊन आधी चाकाकडे आणि मग माझ्याकडे पाहिलं आणि ती चाकाजवळच पहाऱ्याला उभी राहिली. सामन्यात मी चमकले बिमकले नाही. पण चेंडू आला की अडला. एकदा घसरले ती उठून त्याच धावेत पळाले आणि पास दिला, त्यावर दुसरीनं गोल केला.

संध्याकाळी मॅडमनी मला बाजूला बोलावलं. मागच्या वर्षीचं सगळं त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं, निदान मला तरी. त्या म्हणाल्या, “नाव घातलंय तुझं. आता परदेशात मैदानावर पाणी उडताना दिसलं की दोन्ही हात खिशात घालायचे. आपल्या स्कर्टला खिसे नसतात, म्हणून जायच्या आधी शिंप्याकडून शिवून घे.”