तायडे मिस्त्रींनी खिशात घातलेला रोटर

श्री. किसनरावजी तायडे यांना साठ वर्षे पूर्ण होत आहेत. गौरवग्रंथ काढायचा तर पुढाऱ्याचा, प्राचार्याचा, अशी आपली रीत. राजापेठेतल्या एका मोटार मिस्त्रीसाठी अमरावती आणि अकोल्याची माणसे एकत्र येतात, हे मला फार मोलाचे वाटते. मात्र माझ्या लेखाची सुरुवात एका लाजिरवाण्या गोष्टीने करावी लागते.

महाराष्ट्र राज्य झाले, त्याच्या आदल्या वर्षाची गोष्ट. आमच्या शिक्षण संस्थेची एकुलती एक जीप घेऊन मी चिखलदऱ्याला निघालो होतो. शिक्षकांचे शिबिर होते आणि ‘समता’ या विषयावर माझे व्याख्यान होते. मागे चार शिक्षिका बसल्या होत्या. पाणी भरायला म्हणून आमचा ड्रायव्हर नामदेव याने गाडी तायडे मिस्त्रींच्या गॅरेजपुढे थांबवली. मिस्त्रींनी बॉनेट उघडले, इकडेतिकडे पाहिले आणि म्हणाले, “गुरुजी, गाडी नाई जात आज.”

“काहून?”

“ब्रेकचं ऑइल काकवीसारखं काळं झालं. घाट उतरतानी दगा देईन. बदला लागते.”

मी म्हणालो, “आल्यावर बदलू.”

मिस्त्रींनी इंजिनातून बोटभर आकाराचा रोटर काढला आणि शांतपणे खिशात घातला. तो नसला की गाडी सुरूच होत नाही. मी खवळलो. भर बाजारात, जमलेल्या माणसांसमोर ओरडलो, “मिस्त्रीने मिस्त्रीच्या पायरीने राहावे!” तीन वर्षांपूर्वी ज्या माणसाने पायऱ्यांचा धर्म सोडून बुद्धाला शरण जाण्याचे धैर्य केले होते, त्यालाच मी पायरी दाखवत होतो. तेही समतेवर बोलायला निघालेला मी! ते गाडीखाली शिरले आणि तिथूनच म्हणाले, “बोला गुरुजी, बोला. ऑइल गळून होईपर्यंत टाइम हाये.”

लोक हसले. दुपारी आम्ही निघालो, घाट सुखरूप चढलो-उतरलो. परत आल्यावर मी संस्थेच्या सभेत ठराव मांडून गाडीचे काम त्यांच्याकडून काढले आणि दुसऱ्या गॅरेजला दिले. आज हे लिहून ठेवतो, कारण त्या सभेच्या इतिवृत्तात खरे कारण लिहिलेले नाही.

त्यांनी मात्र गाडी सोडली नाही. राजापेठेत जीप उभी दिसली की येत, तेल मोजायची पट्टी काढत, आपल्याच बाहीला पुसून वास घेत आणि नामदेवला बजावत, “गुरुजीले सांग, बदलाची येळ झाली.” मी नामदेवला म्हणे, “वरून थोडे टाक.” अशी वर्षभर आम्ही जुन्या तेलात नव्याची भर घातली.

शेवटी अकोल्याला जाताना मूर्तिजापूरच्या पुढे इंजिन जाम झाले. नामदेवने मला न विचारताच निरोप धाडला. सरकीच्या पोत्यांनी भरलेल्या ट्रकवर बसून तायडे मिस्त्री आले. एका शब्दाने टोमणा मारला नाही. मीच ओशाळून म्हणालो, “मिस्त्री, माफ करा.”

ते दोर बांधता बांधता म्हणाले, “वा गुरुजी! बोलले राजापेठेत, अन् माफी मूर्तिजापुरात?”

ट्रकने जीप ओढून आणली. दुसऱ्या दिवशी गॅरेजात त्यांनी इंजिनाचा तळ उघडला आणि मला म्हणाले, “हात घाला. मी सांगतलं तं भांडान.” मी हात घातला. कोपरापर्यंत खादीची बाही काळी झाली. मुठीत डांबरासारखा गाळ आला. ते म्हणाले, “तुमी इंजिनले देवघरातला दिवा समजून राहिले. दिव्यातलं तेल जळून जाते. इथलं मळते, अन् तिथंच बसते.”

बाजार भरलेला होता. तोच काळा हात जोडून मी त्यांची माफी मागितली. माझ्या आयुष्यातले ते सर्वांत लहान भाषण. त्यांनी हात पुसायला चिंधी दिली आणि एकच अट घातली: “महिन्याच्या पयल्या सोमवारी गाडी इथं. मंतरी येवो का संतरी.” तीन आठवडे खपून त्यांनी इंजिन उभे केले. ते आजही चालते.

आपल्या देशात विहीर खणताना नारळ फुटतो. गाळ काढायला कोणी येत नाही. शाळेच्या उद्घाटनाला हार, छप्पर गळू लागले की चौकशी समिती! मी ठणकावून सांगतो, जुने वेळेवर काढून टाकण्याची ही कष्टाळू, निनावी शिस्त ज्या समाजात नाही, त्याची मोटार आणि चळवळ एकाच जागी बंद पडते. किसनरावजींनी ही शिस्त पाळली. प्रत्येक गाडीच्या बॉनेटखाली ते पत्र्याची पट्टी लावतात आणि पुढचे तेल किती मैलांवर बदलायचे, ते खिळ्याने कोरतात. काढलेले तेलही गाळून बैलगाड्यांच्या आखांसाठी शेतकऱ्यांना देऊन टाकतात.

गेल्या आठवड्यात त्यांच्या पत्नी गोदावरीबाई माझ्याकडे आल्या. “गुरुजी, हा मानूस साऱ्या गावच्या गाड्या तपासते, अन् सोताच्या छातीत दुखते तं डाक्टरकडं जात नाई. तुमीच पाहा.” मी गॅरेजवर गेलो. किसनरावजी म्हणाले, “काई नाई हो गुरुजी. वरून थोडी सुंठ घेतली का भागते.”

वरून थोडी! मी उठलो, खिळ्याला अडकवलेली गॅरेजच्या कुलपाची किल्ली काढली, कुलूप घातले आणि किल्ली खिशात टाकली. हे लिहितानाही ती माझ्याजवळच आहे. ते रोज येऊन माझ्या दारात उभे राहतात आणि रागावतात. आमच्या या मित्राने शंभरी निरोगी गाठावी, आमच्या पोरांच्याही गाड्या अडवाव्यात, ही साऱ्या वऱ्हाडाची इच्छा आहे. पण नुसत्या इच्छेने इंजिन चालत नाही, हे त्यांनीच मला शिकवले. म्हणून त्यांना माझे एवढेच उत्तर आहे: बोला किसनरावजी, बोला. डॉक्टरांची तपासणी होईपर्यंत वेळ आहे.