उरलेली बडीशेप

दारव्ह्याहून यवतमाळला जाणाऱ्या काळीपिवळीत तो मला रोज भेटायचा. चढायचा मात्र स्टँडवर नाही, पुढच्या फाट्यावर. स्टँडजवळच्या पानठेल्यावर वर्षानुवर्षं त्याची बैठक होती. सुपारी-तंबाखूचा खर्रा सोडायचा म्हणून त्यानं आधी रस्ताच बदलला होता. उन्हातान्हात फाट्यापर्यंत पायी जायचा.

बसला की खिशातून प्लास्टिकची पन्नी काढायचा आणि तळहातावर घोटायला लागायचा. पहिल्या दिवशी मला तो खर्राच वाटला. मी तोंड वाकडं करून सरकून बसलो. पण पन्नीत बडीशेप होती.

"बडीशेप कायले घोटता, भाऊ?" मी एकदा विचारलं.

"हाताले सवय हाय ना. हात रिकामा राह्यला का पाय ठेल्याकडं जाते."

बोलताना त्याचं तोंड दोन बोटांपलीकडं उघडत नव्हतं. खर्र्यानं जाता जाता एवढं करून ठेवलं होतं.

घोटून झालं की तो पन्नी उघडून सगळ्यांपुढं धरायचा, अगदी खर्रा धरावा तशी. बाकीच्यांची तोंडं भरलेली असायची, ते नुसती मान हलवायचे. त्याच्या जुन्या बैठकीतले दोघं तर खिडकीबाहेर बघत बसायचे. मी चिमूटभर घ्यायचो. एकटाच.

"पयले एक खर्रा चौघांत पुरत नव्हता," तो एकदा म्हणाला. "आता बडीशेप रोज उरते."

मग त्यानं पन्नीची नीट घडी करून ती खिशात ठेवली. यवतमाळ येईपर्यंत तो रिकामे हात एकमेकांवर चोळत राहिला.