रुही नावाचं इथे कुणी नाही

अमेरिकेत आयसेलिनमधल्या एका साड्यांच्या दुकानाच्या मागच्या खोलीत पद्मिनी साड्यांना फॉल लावते. हाताला इतकी सवय झालेली, की न बघता टाके सरळ पडतात. त्या मंगळवारी मात्र सुई सारखी बोटात घुसत होती.

तिची एकुलती एक मुलगी रुही कॉलेज संपवून गांबियातल्या एका खेड्यात शिकवायला गेली होती. राहायला तिथल्याच एका कुटुंबात. दर रविवारी तिचा फोन यायचा. या रविवारी आला नाही, आणि तेव्हापासून तिचा फोन बंदच.

"रेंज नसेल गं," शेजारच्या मशीनवरून प्रीता म्हणाली. "आमचा अर्णव इथे शेजारच्या एडिसनमध्ये राहून फोन उचलत नाही, तू गांबियाचं काय घेऊन बसलीस!"

पद्मिनीला हसू आलं नाही. ताप, साप, उघडी विहीर असं काहीबाही डोळ्यांपुढे येत होतं. शेवटी तिने त्या घरच्या लामिनचा नंबर लावला. 'अगदी इमर्जन्सी असेल तरच हं, आई,' असं बजावून रुहीने तो दिला होता.

एका म्हाताऱ्या बाईने फोन उचलला.

"रुही?"

"नो रुही."

"माय डॉटर! टीचर!"

"नो रुही हिअर." फोन कट झाला.

पद्मिनीने सुई बाजूला ठेवली. तिने पुन्हा लावला. या वेळी लामिन होता, त्याचं इंग्रजी चांगलं होतं. "अमेरिकेची मुलगी? म्हणजे आमची कुम्बा! रुही म्हणायला माझी आई आता तयारच नाही. शनिवारी आम्ही तिला आईचंच नाव दिलं. सगळं गाव जेवायला होतं."

नाव बदललं, गावजेवण झालं. पद्मिनीच्या लग्नात ताटातल्या तांदळावर नवऱ्याने अंगठीने नवं नाव लिहिलं, त्या दिवसापासून तिला माहेरच्या नावाने हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं. मुलीचं नाव आणखी कशाला बदलतात?

"लग्न लावलंत तिचं?" ती मराठीतच ओरडली. मग इंग्रजीत.

प्रीताचं मशीन थांबलं.

लामिनने तिकडे काहीतरी सांगितलं आणि अख्खं अंगण हसलं. त्या हसण्याने ती जास्तच घाबरली. "हसताय काय? फोन द्या तिला!"

"कुम्बा! कुम्बा!" हाका दूर दूर गेल्या. मग धावत येणारी पावलं.

"आई? व्हॉट हॅपन्ड? बाबा ठीक आहेत ना?" रुहीला धाप लागली होती.

"ठीक आहेत गं. तू... तुझा फोन?"

"बादलीत पडला. तांदळात ठेवलाय सुकायला. किती घाबरवलंस!"

"आणि नाव?"

"घरात राहायचं तर घरातलं नाव हवं, असं म्हणतात हे. लग्न काय, आई! दे आर स्टिल लाफिंग."

पद्मिनीने पदराने नाक पुसलं. मागून म्हातारी काहीतरी बोलली.

"आजी विचारतेय, तुझं नाव काय?"

पद्मिनीने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"सुवर्णा," ती म्हणाली.

"हं?" रुही म्हणाली.

"सांग तिला. सुवर्णा."