भिडूच्या बोलीवर बोली

इसम नामे दौलत परब. वय चाळिशीच्या आसपास, वर्ण सावळा, मूळ गाव मालवणाकडे, मुक्काम परळची एक चाळ, धंदा गिरणीत जॉबर, म्हणजे कामगारांवरचा मुकादम. तीनशेचार या पत्त्यांच्या खेळात निष्णात. भिडू निवडण्याच्या बाबतीत अत्यंत चोखंदळ. ऐऱ्यागैऱ्यास समोर बसू देत नाही.

प्लेगच्या धास्तीने त्याचा जुना भिडू रघू बायकामुलांसह बोटीने गावी गेला आणि दौलतचे पत्ते फळीवर पडून राहिले. रविवार खायला उठे. तेवढ्यात गिरगावचा तात्या, छापखान्यात खिळे जुळवणारा, मूळचा राजापूरचा, त्याच चाळीत, गावी गेलेल्या बहिणीच्या रिकाम्या खोलीत राहायला आला. खेळता येते म्हणाला. दौलतने त्याला मनगट धरून बसवले. विरुद्ध बाजूला चाळीतलेच विठोबा आणि लवू हे सख्खे भाऊ.

चार-चार पाने हाती आली. दौलत म्हणाला, "एकशे सत्तर." विठोबाने नकारार्थी मान हलवली. तात्या म्हणाला, "एकशे ऐंशी."

मालवणात भिडूच्या बोलीवर चढायचे म्हणजे एकच अर्थ: गुलाम माझ्याकडे आहे, तू गप्प बस. गुलाम हे या खेळातले सर्वांत मोठे पान. दौलत खुशीत गप्प बसला. तात्याच्या हातात गुलाम सोडाच, दश्शीदेखील नव्हती. डाव बुडाला.

"अहो, मग माझ्यावर चढलात कित्याक?"

"तुमच्या पाठीशी आहे हे कळवायला! गिरगावात गप्प राहिलं की हात रिकामा समजतात."

"रिकामोच होतो ना तो!"

"पण ते भिडूला सांगायचं का, परब?"

लवू म्हणाला, "तात्यानु, पुढच्या येळेक नुसती पाठ थोपटा त्यांची. स्वस्तात पडात."

पुढच्या डावाला दौलतने ठरवले, पाहुणा माणूस आहे, गिरगावची रीत पाळू. तात्याने मालवणची पाळायचे ठरवले. एकमेकांना सांगितले कोणीच नाही. तात्या एकशे साठ म्हणाला. दौलतने धीर द्यायला एकशे सत्तर केले. तात्याने हातात स्वतःचा गुलाम धरून शिस्तीत तोंड मिटले. हाही डाव बुडाला.

दौलतने पत्ते चटईवर आपटले. "बस झाला! ह्या माणसाबरोबर मी परत खेळूचंय नाय!"

तो तडक गॅलरीत गेला. उजवीकडे कुलपे, डावीकडे कुलपे, जिन्यावर प्लेगसाठी मारलेला चुना. त्याने तपकीर ओढली. एरवी चाळीत शिंकले की तीन दारांतून कोणीतरी खेकसायचे. आज शिंक जिन्यापर्यंत जाऊन परत आली.

आत येऊन त्याने आपटलेले पत्ते गोळा केले. "वाटा."

"कुठली रीत?" तात्याने विचारले.

"खंयचीय चलात."

चाळीत खोल्या बत्तीस होत्या. त्यांत राहणारी माणसे चार.