खैरुनने कापलेली पट्टी

जव्हारच्या बाजारपेठेत लतीफ मिस्त्रींचं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. दुकानात मागच्या बाजूला एक पडदा होता आणि त्या पडद्यामागे खैरुन अठरा वर्षं पंख्यांचं वाइंडिंग भरत बसलेली होती. ती मोखाड्याची, सातवी शिकलेली. लग्न होऊन आल्यावर लतीफने एकदा गंमत म्हणून जळक्या पंख्याचे वेढे मोजायला दिले, तर तिचा एकही वेढा चुकला नाही. मग ती सोल्डरिंग शिकली, मीटर लावायला शिकली, टेपरेकॉर्डरचे पट्टे बदलायला लागली. गिऱ्हाइकांना यातलं काही ठाऊक नव्हतं. सामान लतीफ घ्यायचा आणि लतीफच परत द्यायचा. मधलं निम्मं काम पडद्याआड व्हायचं.

दोन हजार चार साली साखरेच्या आजाराने लतीफची नजर नेली. समोर माणूस उभा आहे एवढं कळायचं, कोण आहे ते आवाजावरून. बातमी गावभर झाली. खैरुनने पडदा काढला, टेबल पुढे ओढलं, पण लोक दारातून डोकवायचे, बाई बसलेली बघायचे आणि "नंतर येतो" म्हणून निघून जायचे. भिवंडीत कामाला असलेला मुलगा नवेद दर फोनला म्हणायचा, "अम्मी, दुकान बंद करा आणि इकडे या." खैरुन हो म्हणत नव्हती, नाहीही म्हणत नव्हती.

असं दीड-दोन वर्षं चाललं. मग एका सप्टेंबरात, पाऊस जरा ओसरला तेव्हा, रिक्षातून हरिभाऊ उतरले. तहसील कचेरीतून निवृत्त झालेला हा माणूस लतीफचं जुनं गिऱ्हाईक. रिक्षावाल्याच्या मदतीने त्यांनी चादरीत गुंडाळलेला मायक्रोवेव्ह ओव्हन टेबलावर ठेवला.

"लतीफभाई, काही बटणं लागतात, काही लागत नाहीत," ते म्हणाले. "चालू करायचं बटण तर मेलंच आहे. ठाण्याच्या माणसाला फोन केला, तो म्हणतो ते पॅनेल आता येत नाही."

लतीफने ओव्हनवरून हात फिरवला. "हरिभाऊ, माझी नजर गेली हे ठाऊक आहे ना तुम्हाला?"

"ठाऊक आहे. पण जाऊ कुठे?"

मग त्यांनी सांगितलं ते असं. त्यांच्या पत्नीला, वनमालाताईंना, फिट येते. चार वर्षांपूर्वी स्टोव्हपाशी फिट आली आणि उजवा हात कोपरापर्यंत भाजला. तेव्हापासून घरात त्यांना विस्तवापाशी जायची बंदी. लेकीने, दीप्तीने, ठाण्याहून हा ओव्हन आणून दिला आणि वनमालाताई पुन्हा स्वतःच्या हाताने चहा करू लागल्या, पोहे, वरण, दुधीची भाजीसुद्धा. आता महिना झाला, ओव्हन बंद आणि बाई गप्प.

"मी करतो चहा," हरिभाऊ म्हणाले. "पण ती दोन घोट घेऊन ठेवून देते."

लतीफने बायकोच्या दिशेला मान वळवली. खैरुनने आजवर मायक्रोवेव्ह उघडलेला नव्हता. लतीफने दोनदा उघडला होता, डहाणूला, एका ओळखीच्याच्या दुकानात.

"ठेवून जा," ती म्हणाली. "होईल असं नाही सांगत. बघते."

हरिभाऊंनी एकदा तिच्याकडे, एकदा लतीफकडे पाहिलं, आणि ओव्हन ठेवून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने मागचं कव्हर काढलं. दुपारी दोनपर्यंत वीज नसायचीच, भारनियमन होतं. "आधी मोठा कंडेन्सर मोकळा कर," लतीफ म्हणाला. "प्लग काढलेला असला तरी त्यात वीज साठलेली असते, माणसाला फेकून देतो तो."

"महिनाभर बंद आहे हा."

"तरी कर."

तिने रबरी मुठीच्या पेचकसाने त्याची दोन्ही टोकं जोडली. ठिणगी काही उडाली नाही. मग तिने बटणांचं पॅनेल सोडवलं. बटणांमागून एक पातळ प्लास्टिकची पट्टी निघून घडी घालून सर्किटच्या सॉकेटात गेलेली. पट्टीवर केसासारख्या दहा रेघा.

ती जे बघेल ते मोठ्याने सांगत होती आणि लतीफ डोळे मिटून ऐकत होता. त्याने आधी खोडरबर घासायला सांगितलं, रिमोटचं करतात तसं. तिने घासलं, पट्टी परत बसवली. दुपारी वीज आल्यावर पॅनेल जोडून बघितलं तर जैसे थे. तीन, आठ, शून्य, चालू करायचं आणि घड्याळाचं, एवढी बटणं मुकी. बाकीची दाबली की बीप वाजत होती.

"पावसाचं पाणी शिरून एकेक बटण खराब झालं असेल," लतीफ म्हणाला. "मग नाही होणार, खैरुन."

तिला ते पटेना. पाऊस शिरला असता तर शेजारशेजारची बटणं गेली असती. ही तर पॅनेलभर विखुरलेली. तिने प्लग काढला, कंडेन्सर पुन्हा मोकळा केला आणि कॅलेंडरचं जुनं पान उलटं करून त्यावर सगळी बटणं काढली. पट्टी सॉकेटातून सोडवली. एक बटण दाबून धरायचं आणि मीटरच्या दोन सुया दहा रेघांवर फिरवत राहायचं. कुठल्या दोन रेघा जुळल्या की मीटर वाजतो ते त्या बटणाखाली लिहायचं. एका बटणाला कधी पाच मिनिटं, कधी दहा. लतीफचा चहा तिथेच निवला.

मुक्या बटणांना मीटर वाजत नव्हता, ते तर उघडच होतं. पण संध्याकाळी पान भरलं तेव्हा तिला दुसरंच दिसलं. पहिली रेघ पानावर चारदा होती, दुसरी तीनदा, सगळ्या कुठे ना कुठे होत्या. पाचवी मात्र एकदाही नव्हती.

"अहो," ती म्हणाली, "बटणं नाही गेलेली. पाचवी रेघ तुटलीय. ही सगळी तिच्यावरच असणार."

लतीफने खुर्ची टेबलाजवळ ओढली. मग म्हणाला, "घडी पडलीय तिथे बघ."

भिंग लावून बघितलं तर घडीवरच, टोकापासून बोटाच्या पेरावर, पाचव्या रेघेला बारीक चीर होती. सोल्डर करायची सोय नव्हती, प्लास्टिक वितळून गोळा झालं असतं. राहिला एक मार्ग. घडीच्या वर पट्टी कापायची, रेघांवरचं कवच खरवडून नवं टोक तयार करायचं आणि तेच सॉकेटात घालायचं. घडी गेल्यावर पट्टी सरळ ताणून जेमतेम पुरली असती. पण कापल्यावर परत जोडणं नाही, आणि खरवडताना एक रेघ निघाली तर पॅनेलच भंगारात.

हे विचारल्याशिवाय करायचं नाही, असं तिने ठरवलं. निरोप धाडला, तर दुसऱ्या दिवशी सकाळी हरिभाऊंबरोबर वनमालाताई स्वतः आल्या. खैरुनने कॅलेंडरचं पान त्यांच्यापुढे ठेवलं आणि सगळं समजावून सांगितलं.

"बिघडलं तर?" हरिभाऊंनी विचारलं.

"तर मग नाहीच."

वनमालाताईंनी पान बराच वेळ बघितलं. "हे तुम्ही लिहिलंत?"

"हो."

"मग कापा," त्या म्हणाल्या. "नाहीतरी तो बंदच आहे. मी बसते इथे."

खैरुनने कात्री लावली. मग नवं ब्लेड घेतलं आणि एकेका रेघेवरचं कवच वरवर काढायला बसली. सातव्या रेघेला ब्लेड जरा रुतलं, तिने हात उचलला, पदराला पुसला आणि भिंगातून पाहिलं. रेघ शाबूत होती. दहावी झाली तेव्हा तिची मान अवघडली होती. पट्टी सॉकेटात बसली, ताणलेली, पण बसली. मीटर लावून तिने पाचवी रेघ तपासली आणि मीटर वाजला.

कव्हर लावून सगळे विजेची वाट बघत बसले. लतीफ हरिभाऊंना डहाणूच्या गोष्टी सांगत होता. दोनला पंखा फिरला. खैरुनने आत पाण्याने भरलेला काचेचा ग्लास ठेवला.

"तुम्ही दाबा," ती वनमालाताईंना म्हणाली.

त्यांनी भाजलेल्या हाताच्या बोटाने एक मिनिट लावलं आणि चालू करायचं बटण दाबलं. आतला दिवा लागला. व्होल्टेज कमी, त्यामुळे ओव्हन घुमत होता, पण ताटली फिरत होती. पाणी काढलं तेव्हा ग्लासाला हात लावून त्या नुसत्या बसून राहिल्या. हरिभाऊ उठून दाराशी जाऊन उभे राहिले.

घड्याळाचं बटण मात्र लागलं नाही, ते खरोखरच मेलेलं होतं. खैरुनने तसं सांगितलं. "राहू द्या," वनमालाताई म्हणाल्या. "वीज रोज जाते, ते घड्याळ रोज शून्यावर येतं. मला काय त्याचं."

पुढच्या आठवड्यात वनमालाताईंच्या भिशीतल्या दोघीजणी मिक्सर घेऊन आल्या आणि थेट खैरुनपुढेच ठेवले. मग दाभोसा गावची सुकरी जीपने आली, तिच्या बचतगटाचा टेप घेऊन. "बोलत नाय हा," ती म्हणाली, "वनमालाबाईंनी तुमचं नाव दिला." दिवाळीपर्यंत फळीवर सामान ठेवायला जागा उरली नाही. लतीफ दाराशी खुर्ची टाकून बसू लागला. आलेल्या माणसाकडून बिघाड नीट विचारून घ्यायचा आणि आत सांगायचा. ते काम त्याच्याइतकं कोणाला जमणारही नव्हतं.

नवेद ईदला आला तेव्हा त्याने भिवंडीचा विषय काढला. खैरुन एका रेडिओत वाकलेली होती.

"नाही येत," ती म्हणाली. "तो दिवा जरा इकडे धर."