तुपे सरांचा लगदा

शाळेच्या जुन्या विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर सकाळी निरोप आला, ‘प्रेमळ, मनमिळाऊ कलाशिक्षक देविदास तुपे सर आपल्यातून गेले.’ मी गारखेड्याच्या घरी गॅलरीत चहा घेत बसले होते. निरोप दोनदा वाचला. आधी डोळे भरून आले आणि मग, खरं सांगायचं तर, थोडा रागही आला. त्या तीन शब्दांपैकी ‘कलाशिक्षक’ तेवढा खरा होता. सर मनमिळाऊ नव्हते. प्रेमळ होते की नाही, हे कळायला मला पस्तीस वर्षं लागली. आता महिना होऊन गेलाय, म्हणून नीट लिहिते.

मी त्या शाळेत गणित शिकवायला लागले तेव्हा शहराला सगळे औरंगाबादच म्हणायचे आणि तुपे सर रोज फुलंब्रीहून एसटीने यायचे. शेतकऱ्याचं घर, पायात चपला, शर्टाच्या बाह्या कायम कोपरापर्यंत दुमडलेल्या. पाचवी ते सातवीची चित्रकला त्यांच्याकडे होती, पण ते मुलांना चित्रं फारशी काढू द्यायचेच नाहीत. पोळ्याला मातीचे बैल, दिवाळीला बांबूच्या कामट्यांचे आकाशकंदील, भेंडी आडवी कापून तिचे ठसे... सगळं हाताचं काम. दुकानातून विकत आणलेली वस्तू त्यांच्या पत्र्याच्या खोलीत चालत नसे. एकदा एका मुलाने घरून थर्माकोलचा देखणा मकबरा करून आणला. सरांनी तो चारही बाजूंनी फिरवून पाहिला आणि म्हणाले, “हे तुझ्या बापानं केलंय. बापाला शंभरपैकी साठ. आता तुझं दाखव.” पोरगा रडला, वडील भांडायला आले. सरांनी त्यांनाही बाकावर बसवून मातीचा गोळा हातात दिला.

त्यांचा सगळ्यात लाडका प्रकार म्हणजे कागदाच्या लगद्याची टोपली. त्यांची आई घरी करायची तशी. रद्दी कागद हाताने बारीक फाडायचे, तीन-चार दिवस पिंपात भिजत घालायचे, कुटायचे, त्यात वाटलेल्या मेथ्या मिसळायच्या म्हणजे लगदा धरून राहतो आणि कीडही लागत नाही. मग पालथ्या घमेल्यावर ओलं फडकं टाकून त्यावर तळहाताने थापायचं. सहावीचा वर्ग वर्षभर या टोपलीची वाट पाहायचा. रद्दी म्हणजे आदल्या वर्षीच्या उत्तरपत्रिका. त्या सर स्टाफरूममधून मागून घ्यायचे.

आता माझी गोष्ट. नोकरीला चार महिने झालेले, अजून कायम झाले नव्हते. सहामाही परीक्षा नुकतीच संपली होती. मी मान खाली घालून सातवीचे पेपर तपासत बसले होते. शोभा नावाची सहावीतली मुलगी दारात येऊन म्हणाली, “बाई, तुपे सरांनी रद्दीचा गठ्ठा मागितलाय.” कपाटाच्या खालच्या कप्प्यात सुतळीने बांधलेले दोन गठ्ठे होते. मी डोकंही वर केलं नाही. लाल पेनाने दाखवलं आणि म्हणाले, “तो डावीकडचा घे.” डावीकडचा गठ्ठा सहावीच्या गणिताच्या नुकत्याच लिहिलेल्या, न तपासलेल्या पेपरांचा होता.

मुलांना कळलं नसेल का? पहिल्या मिनिटाला कळलं असणार. आपलं अक्षर कुणाला ओळखू येत नाही? पण गणिताचा पेपर आपल्या हाताने फाडायची संधी, तीही बाईंच्याच परवानगीने, कोण सोडेल! सर बाहेर कडुनिंबाखाली पाट्यावर मेथ्या वाटत बसले होते. आत येऊन त्यांनी पिंपात डोकावलं आणि खूश होऊन म्हणाले, “आज लई बारीक फाडलंय रे पोरांनो. असंच पायजे.” ही शाबासकी पुढे कित्येक वर्षं मुलं एकमेकांना सांगत होती.

चार दिवसांनी मी सहावीचे पेपर काढायला गेले. उरलेल्या गठ्ठ्याची सुतळी सोडली, तर आत आदल्या वर्षीचे पेपर. मी धावत पत्र्याच्या खोलीत गेले. पिंपात निळसर लगदा तयार होता. वर एक न भिजलेला तुकडा तरंगत होता, त्यावर ‘लसावि’ एवढंच वाचता येत होतं. मला हसू यायला हवं होतं, पण आलं नाही.

मुख्याध्यापकांनी आम्हा दोघांना बोलावलं आणि विचारलं, “गठ्ठा कुणी दिला?” सरांनी माझ्याकडे एकदा पाहिलं. मी भिंतीवरच्या वेळापत्रकाकडे पाहत राहिले. सर म्हणाले, “मीच उचलला. बघितला नाय.” मी तोंड उघडलं नाही. नोकरी जाईल ही भीती होती, आणि ती काही पोकळ नव्हती. पण भीती खरी होती म्हणून गप्प बसणं बरोबर ठरत नाही, हे मला त्या क्षणीही कळत होतं. लगदा कडुनिंबाखाली ओतून दिला गेला. सहावीने दिवाळीनंतर पुन्हा परीक्षा दिली. पाचवी ते सातवीचे चित्रकलेचे तास बंद झाले आणि गणिताला, म्हणजे मलाच मिळाले. सरांचं अक्षर सुंदर, म्हणून त्यांना कार्यालयात दाखले लिहायला बसवलं. नवे मुख्याध्यापक येईपर्यंत दोन वर्षं ते दाखले लिहीत होते. त्या वाढीव तासांत मी उत्तम शिकवलं, निकाल चांगला लागला, मी कायम झाले. खोटी नम्रता मला जमत नाही. पण तास घेताना खिडकीतून ती कुलूप लावलेली खोली दिसायची, म्हणून मी खिडकीकडे पाठ करून उभी राहायचे.

पुढे तास परत सुरू झाले, टोपल्याही झाल्या. आमची मैत्री झाली. ते हुरडा आणायचे, मी मेतकूट द्यायचे. तो विषय मात्र कुणीच काढला नाही. शोभाला सगळं ठाऊक असणार, असं मी धरून चालले होते. ती पुढे शाळा सोडून गेली तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं.

यंदा सर पडले, मांडीचं हाड मोडलं, असं कळलं म्हणून फुलंब्रीला गेले. ओट्यावर खाटेवर बसले होते, बाह्या दुमडलेल्याच. चहा झाल्यावर मी एका दमात सगळं सांगून टाकलं.

“मला ठाऊक व्हतं, बाई.”

“शोभाने सांगितलं?”

“तिनं कशाला? तुमचं तोंडच सांगत व्हतं.”

“मग तुम्ही बोलला का नाहीत?”

“हापिसात माझ्या अंगावर घेतलं, आन् मग तुम्ही बोलता का, ते बघत व्हतो. आठवडाभर बघितलं. मग म्हणलं, नवीन हाय, हिच्या पोटावर कशाला पाय द्यायचा...”

मी रडत माफी मागितली. त्यांनी हात हलवला. “मला काय झालं? पगार चालू व्हता, सावलीत बसून दाखले लिहिले. माफी त्या पोरांची मागा. दोन वर्सांची पोरं हात न भिजवता सातवी पास झाली.”

पंधरा दिवसांत ते गेले. माझं त्यांच्यावर प्रेम होतं. हे त्यांना सांगितलं असतं तर त्यांनी मला मातीचा गोळा दिला असता.

तेराव्यानंतर मी ग्रुपवर लिहिलं, ‘ज्यांची लगद्याची टोपली राहिली, त्यांनी रविवारी माझ्या गच्चीवर यावं. मुलांना आणलंत तरी चालेल.’ चार दिवस आधी पिंप भरून ठेवलं. बरेचजण आले, सगळे पंचेचाळिशीच्या आसपासचे. एकजण चिकलठाण्याहून, कंपनीतून रात्रपाळी करून थेट आला होता. शोभाही आली, केस पिकलेली, सोबत सहावीतली लेक. सगळे बसल्यावर मी उभी राहिले आणि वर्गात सांगतात तशा आवाजात सांगितलं, की तो गठ्ठा मी दिला होता, चूक माझी होती आणि सर माझ्यासाठी खोटं बोलले. काहीजण हसले, एकाने विचारलं, “बाई, म्हणजे मी त्या पेपरात पास होतो की नाही?” मी म्हटलं, “तू? अजिबात नाही.”

शोभा हसली नाही. माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, “बाई, तुम्ही डावीकडचा म्हणालात की उजवीकडचा?”

“डावीकडचा.”

“नक्की?”

“नक्की. मी पेनाने दाखवला होता.”

“मला वाटायचं, मीच चुकले. माझ्यामुळे सरांचे तास गेले. अजूनही कुणी डावीकडे म्हटलं, की मी आधी हात बघते.”

मी तिला म्हणाले, “शोभा, तू मी दाखवलेलाच गठ्ठा उचललास.” हे वाक्य मला एका सहावीतल्या मुलीला, वेळेवर, सांगायचं होतं. शोभाने बाह्या कोपरापर्यंत दुमडल्या, लेकीच्याही दुमडल्या, आणि दोघींनी पिंपात हात घातले.